सुतार म्हणजे नक्की कोण? गावाकडची पक्ष्यांची नावं गोळा करताना

माळरान

दर नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतो (५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सलीम अलींचा) आणि तालुक्यातालुक्यांतून पक्ष्यांच्या याद्या निघतात. याद्या चांगल्या असतात, पण सगळ्या एकाच पुस्तकावरून उतरवल्यासारख्या. ज्याला गावात कुणी 'कृष्णथिरथिरा' म्हणत नाही त्याच्यापुढे ठसठशीत अक्षरांत कृष्णथिरथिरा. म्हणून यंदा उलटं करायचं घाटतंय. लोक म्हणतात ते नाव आधी, पुस्तकातलं मागाहून.

कागद भरायला घेतले आणि गुंता झाला तो असा:

'सुतार' म्हणून काही ठिकाणी खरा सुतार सांगतात, काही ठिकाणी हुदहुद. 'करकोचा' म्हणजे कुठं रंगीत करकोचा, कुठं हिवाळ्यात आभाळातून रांगेनं जाणारे क्रौंच. चातक आणि पावशा यांत तर कुणालाच फरक करायचा नाहीये. उलट भारद्वाज एकटाच चार नावांनी हजर: भारद्वाज, सोनकावळा, कुंभारकावळा, कुक्कुडकोंबा.

प्रश्न दोन. एकेका पक्ष्याचं एक प्रमाण नाव ठरवून बाकीची कंसात टाकावीत का? आणि मुळात विचारायची पद्धत काय असावी, म्हणजे कागदावर चुकीचं जाणार नाही?

रातवा

प्रमाण नाव आधीच आहे की. शास्त्रीय नाव. ते एका रकान्यात लिहा आणि मराठी नावांना मोकळं सोडा. 'बाकीची कंसात' म्हटलं की दुसऱ्या छपाईत कंस गळतो आणि तिसऱ्या छपाईत ते नावच नव्हतं असं होतं.

पाटपाणी

असहमत. शास्त्रीय नाव पोरं वाचणार नाहीत, वर्तमानपत्रवाले तर नाहीच नाही. बातमीत 'दुर्मिळ गरुड जखमी' येतं आणि फोटोत घार असते. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता एकच असतो, त्यावर एकच नाव मावतं. एक नाव ठरवणं भाग आहे, हुकूमशाही वाटली तरी.

टिबुकली

नाव कुठलं छापायचं हे नंतर भांडा. आधी विचारायचं कसं ते, कारण निम्मा घोळ तिथंच होतो.

फोटो आधी दाखवू नका. मोबाइलच्या पडद्यावर शिंजीर आणि कावळा एकाच मापाचे दिसतात. समोरचा माणूस रंगावरून अंदाज बांधतो, आणि पाहुण्याला 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं म्हणून जवळचं एखादं नाव देऊन मोकळा होतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं विचारा, 'इकडं कुठकुठली पाखरं दिसतात?' आपसूक जी नावं येतील ती त्याच क्रमानं, उच्चारासकट लिहा. ळ म्हणाला तर ळ, ल म्हणाला तर ल. तुमचं शुद्धलेखन घरी ठेवा. मग एकेका नावावर चार प्रश्न: केवढं असतं, कुठं बसतं (जमीन, खोड, तार, पाणी), कसं ओरडतं, आणि बारा महिने असतं की ठरावीक दिवसांत. मापाला सेंटिमीटर विचारू नका. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही जुनी पट्टी पुरते. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंदाजे १५, २०, २३, ४३ आणि ६१ सें.मी. 'साळुंकीपेक्षा मोठं, कावळ्यापेक्षा लहान' एवढं उत्तर आलं तरी निम्मी यादी गळते.

आवाज तोंडानं काढून दाखवायला सांगा आणि तो टिपून घ्या. लोक फार हुबेहूब काढतात. टिपून झालं की शेवटी गाव, तारीख, वेळ स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. नुसत्या फाइलीच्या नावावर विसंबलात तर महिनाभरानं 'नवीन रेकॉर्डिंग १७' कुठलं ते देवाला विचारावं लागतं.

चित्रं सगळ्यात शेवटी. दहा-बारा न्या, त्यांत दोन फसवी घाला. हिमालयातला मोनाल चांगला, चमकदार असतो. मोनालला 'हा तर येतो की आमच्या विहिरीवर' असं उत्तर मिळालं तर त्या बैठकीत चित्रांवरून मिळालेली सगळी नावं खोडा. आधी आपसूक आलेली राहू द्या.

आणि 'याला भारद्वाजच म्हणतात ना?' असं कधीही विचारू नका. उत्तर 'हो'च येणार.

चौथा_मजला

आमच्या सोसायटीत पक्षी एकच, कबुतर. नावं बरीच आहेत पण इथं लिहिली तर संपादक प्रतिसाद उडवतील.

गवताळ

टिबुकली यांच्या यादीत एक भर. नर आणि मादी वेगळे दिसत असतील तर लोक दोन पक्षी मोजतात आणि दोन नावं देतात. कोकीळ काळा कुळकुळीत, मादी तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची. स्वर्गीय नर्तकाचा मोठा नर पांढरा, लांब फितीच्या शेपटीचा, मादी तांबूस. शिवाय तांबूस अंगाचे लांब शेपटीवाले नरही असतात. तीन नावं मिळाली तरी आश्चर्य नको. कागदावर तिन्ही वेगळ्या ओळींत लिहा, जोडणी नंतर करा.

(आणि हो, 'कोकिळा गाते' हे कवितेत चालतं. कुहूकुहू नराचं. मादी नुसती किक्-किक्-किक् करत पळते.)

खोडकिडा

सुताराचा प्रश्न सोपा आहे. तुऱ्यावरून ओळखायला गेलं की फसगत, कारण सोनपाठी सुतारालाही लाल तुरा असतो आणि हुदहुदालाही पंख्यासारखा तुरा असतो, टोकं काळी. लांब चोच अधिक तुरा म्हणजे सुतार, असं लोकांच्या डोक्यात बसलंय.

एकच प्रश्न विचारा: 'खोडावर उभा चढतो की गवतात चालतो?'

सुताराच्या पायाची दोन बोटं पुढं, दोन मागं. शेपटीची पिसं ताठ, ती खोडाला टेकवून तो तिसऱ्या पायासारखी वापरतो. हुदहुद खोडावर असा ठोकत बसत नाही. तो अंगणात, मैदानात, पाणी दिलेल्या हिरवळीवर चालत चालत बारीक वाकडी चोच मातीत खुपसून अळ्या काढतो. त्याच्या चोचीनं लाकूड फुटायचं नाही, चोच मात्र मोडेल. घरटं दोघांचंही ढोलीत असतं, त्यामुळे 'ढोलीत राहतो' हे उत्तर इथं कामाचं नाही.

'हुदहुद' हे नाव आवाजाचं आहे, हुप-हुप-हुप. त्याचं लॅटिन नाव 'उपुपा', तेही आवाजाचंच.

माळरान

खोडकिडा, हे झकास. प्रश्न कागदावर छापून टाकतो. चातक-पावशासाठी असाच एखादा आहे का?

मृगाचा_किडा

आहे, पण दोन लागतील: 'रंग कसा?' आणि 'मार्च-एप्रिलमध्ये ओरडतो का?'

चातक काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा, उडताना पंखावर पांढरा डाग चमकतो. तो आफ्रिकेतून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. आपल्याकडे मेअखेर-जूनमध्ये दिसू लागतो आणि पावसाळा सरला की जातो. (भारताच्या दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेत बारमाही राहणारेही आहेत, पण ते आपल्या यादीत नकोत.)

पावशा करडा, पोटावर तांबूस-तपकिरी छटा, शेपटीवर आडवे पट्टे. इथलाच रहिवासी. हिवाळ्यात गप्प असतो म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की तो गेला. मार्चपासून तोंड उघडतो, उन्हाळा चढेल तसा आवाज चढतो, आणि पावसाच्या तोंडावर रात्रीसुद्धा थांबत नाही. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा', दर खेपेला सूर वरवर जातो, अगदी किंचाळण्यापर्यंत गेला की एकदम बंद. मग पुन्हा खालून सुरुवात.

दिसायला हुबेहूब शिक्रा. माप तेच, शेपटी तशीच, उडणं-बसणंही तसंच, त्यामुळे तो झाडावर येताच लहान पाखरं कालवा करतात. फरक चोचीत. शिक्र्याची चोच आकड्यासारखी, पावशाची जवळजवळ सरळ. गावात 'शिक्रा ओरडतोय रात्रभर' असं कुणी सांगितलं तर तो शिक्रा नाही हे निश्चित समजा.

दोघांत साम्य एवढंच की दोघेही अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतात. त्यामुळे 'सातभाई ज्याचं पिल्लू पोसतात तो' हे वर्णन मिळालं तर पुन्हा रंग विचारावा लागेल.

उंबरफळ

हिंदीतला पपीहा म्हणजे आपला पावशा. तिकडं तो 'पी कहाँ' म्हणतो. पण हिंदीत चातक आणि पपीहा एकच धरायचीही चाल आहे, आणि शाळेत हिंदी कविता शिकून आलेला माणूस तो गोंधळ मराठीत घेऊन येतो. बंगालीत हाच पावशा 'चोख गेलो' म्हणतो, म्हणजे डोळा गेला. आणि साहेबांना त्यात 'ब्रेन फीवर' ऐकू आलं.

शेतकऱ्याला पेरणी, विरहिणीला पिया, बंगाल्याला डोळा आणि साहेबाला ताप. पक्षी एकच.

चौथा_मजला

आणि रात्री दोनला ऐकणाऱ्याला शिव्या. +१

खळं_अंगण

कोकणातून काम करणार असाल तर दोन सूचना.

पहिली, 'गरुड'. इकडे जुनी माणसं गरुड म्हणाली की आधी धनेश (मोठ्या वाकड्या चोचीचा, हॉर्नबिल) डोळ्यांपुढे आणा. मोठ्याला माडगरुडही म्हणतात. पण किनाऱ्यावर खराखुरा समुद्रगरुडही आहे. 'गरुडाचं घरटं आहे' असा निरोप आला तर विचारा: काटक्यांचं उघडं मचाण आहे की झाडाची ढोली? समुद्रगरुड उंच झाडावर काटक्यांचा ढीग रचतो आणि वर्षानुवर्षं तोच वापरतो, दरवर्षी भर घालतो. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीनं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत अंडी, पिल्लं आणि तिची स्वतःची पिसं गळणं, सगळं उरकतं. नर बाहेरून वड-उंबराची फळं भरवतो. म्हणून एकच नर एकाच झाडाकडे दिवसभर येरझाऱ्या घालताना दिसला तर ती ढोली आहे. झाडाखाली बियांचा सडा असतो, तोही बघा. ठिकाण मात्र जाहीर यादीत लिहू नका. त्या दिवसांत नराला कुणी हुसकावलं तर आतली दोघं-तिघं उपाशी.

धनेश कुठला, याला रंग विचारा. काळा-पांढरा नि मानेला पिवळा असेल तर मोठा. काळा-पांढरा पण पिवळी मान नाही तर मलबारी कवड्या. नुसता राखाडी असेल तर राखी धनेश, तो पुण्या-नागपुरातही जुन्या झाडांवर असतो.

दुसरी सूचना, 'कवडा'. आमच्याकडे कवडा म्हणजे होला. पुस्तकात 'कवड्या' म्हणजे काळा-पांढरा, कवडीसारखा: कवड्या खंड्या, कवडी मैना, कवड्या गप्पीदास. कवडा कपोताच्या घरचा, कवड्या कवडीच्या घरचा. एक काना-यकार इकडचा तिकडे झाला की होल्याचा खंड्या होतो.

पाटपाणी

बघा, म्हणूनच म्हणत होतो, एक नाव ठरवा.

खळं_अंगण

कुणाचं? तुमच्या तक्त्यावर 'होला' लिहिलंत तर आमच्या पोराला तो दुसऱ्या तालुक्यातला पक्षी वाटेल. रोज अंगणात दाणे टिपतो तो कवडा.

वडोदकर

गुजरातेतल्या मराठी घरांचं वेगळंच चालतं, अर्धी नावं इकडची, अर्धी तिकडची. त्यातून एक गंमत. 'दयाळ' हे नाव दयेवरून आलं असं पुष्कळ जण समजतात, काही जण 'दयाळू'ही लिहितात. गुजरातीत तोच दैयड, हिंदीत दहियर, बंगालीत दोयेल (बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी). ही सगळी एका माळेतली नावं दिसतात आणि त्यात दया कुठंच नाही. इंग्रजांनी त्याचं 'डायल बर्ड' केलं आणि पुढच्यांनी त्या डायलचा संबंध सूर्यघड्याळाशी लावला. नाव कानानं घेऊन अर्थ पदरचा घातला की असं होतं. तुमच्या कागदावर 'नावाचा अर्थ' असा रकाना असेल तर तो काढून टाका. त्यात फक्त कल्पनाशक्ती जमा होईल.

रातवा

पूर्ण काढू नका. सांगणाऱ्यानं आपणहून अर्थ सांगितला तर लिहा, 'सांगणाऱ्याच्या मते' असं म्हणून. तुम्ही विचारू नका.

सातभाई घ्या. आपल्याकडे भाऊ, हिंदीत सात बहनें, इंग्रजीत सेव्हन सिस्टर्स. थव्यात नेहमी सातच असतात असंही नाही. पण 'भाऊ' म्हणणाऱ्याला काहीतरी दिसलेलं असतं: एका जोडीच्या पिल्लांना थव्यातले बाकीचेही भरवतात, घार आली की सगळे एकदम ओरडतात. नात्याचं नाव उगाच नाही पडलं.

पोथीवाला

भारद्वाजाबद्दल एक काडी टाकतो. अमरकोशात व्याघ्राट आणि भरद्वाज हे एकाच पक्ष्याचे पर्याय दिलेत, आणि संस्कृत कोश त्याचा अर्थ चंडोल असा देतात. आकाशात गात चढणारा तो चंडोल. मराठीतला भारद्वाज म्हणजे तांबड्या पंखांचा, लाल डोळ्याचा, कुंपणातून चालत जाणारा, 'कुप कुप कुप' करणारा. नाव तेच, पक्षी दुसरा.

उलट उदाहरण चास. संस्कृतात चाष, मराठीत चास, पक्षी तोच. त्याला नीलकंठ म्हणणं मात्र बरोबर नाही. गळा निळा नसतोच, तपकिरी-जांभळट, फिकट रेघांचा असतो. निळे असतात ते पंख, तेही उडाल्यावर. तारेवर बसलेला चास मातकटच दिसतो. 'नीलपंख' हे नाव ज्यानं दिलं त्यानं पक्षी उडताना पाहिला होता.

(दसऱ्याला पिंजऱ्यातला चास दाखवून दक्षिणा घेणारे भेटले तर दर्शन घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. धरलेल्या पक्ष्यांचे पंख बांधलेले किंवा डिंकानं चिकटवलेले असतात, सोडले तरी बरेच वाचत नाहीत.)

मृगाचा_किडा

भारद्वाज कोकीळ कुळातला, पण स्वतःचं घरटं बांधून स्वतःची पोरं सांभाळणारा. त्यामुळे 'कोकिळेच्या जातीचा' असं कागदावर लिहिलंत तर कुणीतरी 'कावळ्याच्या घरट्यात अंडी' हेही पुढं जोडेल. जोडू देऊ नका.

खोडकिडा

कुंभारकावळा हे नाव रंगाचं असणार. भाजलेल्या मडक्याचा रंग बघा आणि त्याचे पंख बघा.

उंबरफळ

मला तर आवाज वाटतो. रिकाम्या घागरीत फुंकल्यासारखं घुमतं ते.

वडोदकर

मंडळी, तो रकाना मी नुकताच काढायला सांगितला होता.

पाणकणीस

पाण्यावरच्या पक्ष्यांना नावं कशी चपखल आहेत बघा. हळदीकुंकू बदक: काळ्या चोचीचं टोक पिवळं, कपाळापाशी दोन लाल ठिपके. एकदा नाव ऐकलं की पुस्तक उघडावं लागत नाही. थापट्या, चोच थापीसारखी पसरट. शेकाट्या, काटकुळ्या लांब पायांवर उभा. वारकरी, म्हणजे चांदवा: अंग काळं, कपाळावर पांढरी पट्टी. नकटा, नराच्या चोचीवर हे एवढं टेंगूळ.

कोरड्या रानातली पण: भांगपाडी मैना, डोक्यावरचे काळे केस चापून मागं बसवलेले. डोंबारी चंडोल, आभाळात चढून कोलांट्या घेत खाली येतो. खाटीक, किडे-सरडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. गव्हाणी घुबड, गुरांच्या गव्हाणीपाशी उंदीर मारायला येतं.

गवताळ

यातली गावाची किती आणि पुस्तकवाल्यांनी घडवलेली किती, हे कसं ठरवणार? डोंबारी चंडोल मला तरी संशयित वाटतो. दोन शब्दांचं नाव, पहिला शब्द विशेषण आणि दुसरा गट, हा साचा यादी करणाऱ्याचा असतो. गाव एका शब्दात उरकतं: टिटवी, होला, लावा, चास, रातवा, भोरडी.

पाणकणीस

'हळदीकुंकू' एका शब्दात आहे. हलके घ्या.

रातवा

गवताळ यांची कसोटी वाईट नाही पण पुरेशी नाही. 'वेडा राघू' दोन शब्दांचं आहे आणि चांगलं रुळलेलं आहे. त्यापेक्षा हे बघा: ज्या पक्ष्याचा माणसाशी संबंध येतो त्याला गावाचं नाव असतंच. पिकावर येणारा (भोरडी ज्वारीवर हजारोंनी उतरते), खाल्ला जाणारा (तितर, लावा), शकुनाचा (चास, भारद्वाज, पिंगळा), फार ओरडणारा (टिटवी, पावशा). बारीक तपकिरी किडेखाऊ पाखरांना मात्र बहुतेक गावांत एकच नाव असतं, 'चिमणी', फार तर 'रानचिमणी'. तिथं नाव मिळालं नाही तर नाही म्हणून लिहा. ओढूनताणून मिळवू नका.

ज्वारीचं_कणीस

सोलापूरकडचं. माळढोक हा शब्द फोडा: माळावरचा ढोक. ढोक म्हणजे उंच पायांचा मोठा पक्षी. त्याची धाकटी ढोकरी, ती ओढ्याकाठी मान आखडून बसते. माळढोकाचं दुसरं नाव हूम, नराच्या घुमण्यावरून. राजस्थानात तोच गोडावण, गुजरातेत घोराड.

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली याच पक्ष्यासाठी झालं. आज आजूबाजूला पोरांना विचाराल तर नाव सांगतील, पक्षी पाहिलेला नसतो. तुमच्या कागदावर एक रकाना वाढवा: 'शेवटचा कधी दिसला?' तणमोर आणि गिधाडासाठीही तो लागेल. गिधाडांचा काळ ठरवायला सोपं जातं, कारण 'ढोरं फाडायची जागा' जुन्या माणसांना आठवते. गुरांना देत असत त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं गिधाडं मेली. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली २००६मध्ये, तोवर बहुतेक जागा ओस पडल्या होत्या.

टिबुकली

हा रकाना हवाच. फक्त साल विचारू नका, साल कुणी सांगत नाही. 'बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर', 'धरण झालं तेव्हा होता का', 'किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी?' असं विचारा. मग साल तुम्ही बसवा.

खळं_अंगण

टिटवीवरून आठवलं, मे महिन्यात फिरणार असाल तर जपून. टिटवी चार अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत घालते, खड्यांच्याच रंगाची. डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की 'घरटं शोधू या' म्हणून पुढं जाऊ नका. आल्या वाटेनं मागं फिरा. ती अंड्यांवर बसते ती उबेसाठी नाही, त्या दिवसांत सावलीसाठी. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही फोटोसाठी पाऊण तास तिथं उभे राहिलात तर अंडी उकडली.

अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं म्हणतात. ते सांगतील तर लिहून घ्या, पण अंडी बघायला चला म्हटलं तर नको म्हणा.

पोथीवाला

टिटवी देखील समुद्र आटविते, मग आपल्याला काय हुसकावणार नाही!

रातवा

गाव, तारीख, कुणी सांगितलं, हे रकाने कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक गाळतात. त्यांच्यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट.

या घुबडाचे जुने नमुने १८८४पर्यंतचे. त्यानंतरचा एक नमुना १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा, अशी चिठ्ठी लावून कर्नल माइनर्टझहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात होता. पुढं उघड झालं की तो नमुना संग्रहालयातूनच चोरलेला, नव्यानं पेंढा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. म्हणजे खरी नोंद १८८४वरच थांबली होती. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांकडं शोध वळवला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी, महाराष्ट्रात.

पक्षी बरोबर, चिठ्ठी खोटी. नावांचंही तसंच होतं. 'कोकणात असं म्हणतात' ही चिठ्ठी नव्हे. गाव लिहा.

साधा पिंगळा आणि रानपिंगळा यांत: साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साफ, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. 'दिवसा दिसतो' एवढ्यावर मात्र जाऊ नका, साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसून माना वेळावत असतो.

चौथा_मजला

आणि पहाटे डमरू वाजवत दारात येतो तो पिंगळा कुठल्या रकान्यात?

रातवा

शकुनाच्या. तोही आणि घुबडही.

गवताळ

एक मुद्दा राहिला. तितर, लावा, पाखुर्डी, माळटिटवी यांची सगळ्यात बारीक माहिती फासेपारध्यांकडे असते. विणीचे दिवस, पाण्यावर यायची वेळ, कुठल्या गवतात अंडी, सगळं. पण पहिला प्रश्न 'तुम्ही धरता का?' असा टाकलात तर पुढं काही मिळणार नाही, आणि मिळू नयेच. नाव आणि सवयी विचारा. सांगणाऱ्याचं नाव जाहीर यादीत घालू नका, तुमच्या वहीत असू द्या, तेही त्याला विचारून. आवाजांची फीत झाडाखाली मोठ्यानं वाजवू नका. विणीत नर दुसरा नर आला समजून घरटं सोडून भांडायला येतो. ओसरीवर, हळू आवाजात, एकदा.

पाटपाणी

बरं, माघार घेतो, अर्धी. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत त्या तालुक्याचं नाव, खाली बारीक अक्षरांत पुस्तकातलं. शेजारच्या तालुक्याचा तक्ता वेगळा. छपाईचा खर्च वाढेल तो धागाकर्त्यानं द्यावा.

माळरान

खर्चाचं बघू. सगळ्यांचे प्रतिसाद जुळवून कागद असा केलाय:

ऐकलेलं नाव (उच्चारासकट) | गाव, तालुका | तारीख | माप (चिमणी ते घार) | कुठं बसतो, काय करतो | आवाज (सांगणाऱ्याच्या शब्दांत, फीत असल्यास क्रमांक) | कुठल्या महिन्यांत | शेवटचा कधी दिसला | कशावरून जुळवलं: प्रत्यक्ष, वर्णन, आवाज की चित्र | खात्री १ ते ३ | शास्त्रीय नाव

खात्री ३ म्हणजे सांगणाऱ्यानं आपल्यासमोर बोट दाखवून पक्षी दाखवला. २ म्हणजे वर्णन आणि आवाज किंवा सवय जुळली. १ म्हणजे नुसतं चित्र. 'नावाचा अर्थ' काढलाय, वडोदकर खूश व्हा. एका ओळीत एकच नाव, जोडणी शेवटी. कुणी एक ओळ भरून बघता का?

पाणकणीस

घ्या.

कुदळ्या | (गाव वहीत आहे), ता. इंदापूर | आजची | कावळ्यापेक्षा मोठा, घारीएवढा | ओल्या रानात चालतो, वाकडी चोच कुदळीसारखी मारतो | फारसा ओरडत नाही | बारमाही | काल | वर्णन | २ | शराटी

टिबुकली

शास्त्रीय नावाच्या रकान्यात 'शराटी' हे शास्त्रीय नाव नाही. आणि शराटी कुठला? पांढरा, काळ्या उघड्या मानेचा, की काळा, डोक्यावर मागं लाल आणि खांद्यापाशी पांढरा डाग असलेला? कुदळ्या दोघांनाही म्हणतात.

पाणकणीस

रंग विचारायचा राहिला.

माळरान

कागदावर रंगाचा रकानाच नाहीये. टाकतो.